वड तोडू नका

वटवाघळांच्या घाणीमुळे जुना वड तोडावा, ही रहिवाशांची मागणी आपल्या अंकात वाचली. माझा तिला विरोध आहे. दिवसा पंखांत गुरफटून उलटे टांगलेले हे फळभक्षी वटवाघूळ जवळून पाहावे: कोल्ह्यासारखे तोंड, टपोरे डोळे, मानेभोवती तांबूस-सोनेरी लव आणि पसरल्यास मीटरभराहून रुंद काळे पंख! त्याला उंच, जुनी झाडेच लागतात. मादी वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते. म्हणजे विस्कटलेली वसाहत लवकर सावरत नाही. वड-पिंपळाच्या बिया हीच वटवाघळे दूरवर पेरतात. बडोद्याच्या नावातच वड आहे, वटवाघळाच्याही. घाणीसाठी झाडाखालचे वाहनतळ हलवावे, वड राहू द्यावा.

– एक वाचक, बडोदे