पुराचे पाणी कुठवर आले होते?

महोदय,
ऑगस्ट २०१९ च्या महापुरावर सांगलीतल्या आमच्या गावभागातल्या एका चित्रकाराने काढलेली चित्रे नुकतीच पाहिली. एकाच घराचा एकच जिना त्यांनी तीनदा रंगवला आहे; घरातल्या तिघांना वेगवेगळे बसवून, ज्याने जसे सांगितले तसा. आजींच्या जिन्यावर पाणी गढूळ पिवळे, सहाव्या पायरीशी थांबलेले. मुलाच्या चित्रात ते काळेकुट्ट, वरच्या दारापर्यंत. सुनेच्या चित्रात पाणी जवळजवळ नाहीच. पायरीवर भिजलेल्या पुस्तकांची एक पिशवी, तीच केवढी मोठी!

घरी येऊन मी माझी आठवण तपासली. पाणी माळ्याला लागले होते, असे आजवर शपथेवर सांगत आलो. रंगाखाली राहिलेली खूण शोधली, तर ती स्विचबोर्डाच्या चार बोटे खाली निघाली. पण मी खोटे बोलत नव्हतो. त्या रात्री अंधारात माळ्यावर बसून मला ते तेवढेच उंच दिसले होते.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि तेव्हा पाणी ५७ फुटांवर गेले. ही नोंद हवीच, पंचनाम्याला तीच लागते. महापालिकेने त्या नोंदीसोबत ही चित्रेही एखाद्या शाळेच्या सभागृहात आठवडाभर लावावीत, अशी कळकळीची विनंती आहे. शेजारी एक कोरी वही ठेवावी. ज्याला आपला पूर लिहायचा, त्याने लिहावा. आमच्या आईला लिहिता येत नाही, तिचे मी लिहून घेईन.

— एक पूरग्रस्त वाचक, गावभाग, सांगली