चित्र दानात आले तरी हाताळणी फुकटातली नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धर्मादाय लिलावाची बातमी छापून येते तेव्हा किती रक्कम उभी राहिली हे ठळक असते. त्याच लिलावात एखादे अमूर्त चित्र निम्म्या किमतीत का गेले किंवा घेणाऱ्याच्या घरी पोहोचेपर्यंत त्याच्या रंगावर गोल गोल ठसे का उठले, हे सहसा बाहेर येत नाही. दात्यांचा हात आखडता होता असे क्वचितच असते. चित्र फुकट मिळाले की त्याची नोंद, बांधणी, उजेड आणि किंमत हे सगळे शेवटच्या दिवसावर ढकलले जाते. अमूर्त चित्राला ते सर्वांत महाग पडते. थोडी आधी तयारी केली तर त्याच चित्रातून संस्थेलाच जास्त पैसे मिळतील, म्हणून हे पत्र.

चेहरा किंवा झाड असलेले चित्र उलटे लागले तर पहिला येणारा माणूसच ते सांगतो. अमूर्त चित्र संध्याकाळभर उलटे राहू शकते. डच चित्रकार पीट मॉन्ड्रियानचे 'न्यूयॉर्क सिटी १' हे रंगीत चिकटपट्ट्यांचे १९४१ सालचे काम १९४५ पासून उलटेच टांगले जात असावे, असा निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर झाला. ते तेव्हा जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात होते. त्यावर चित्रकाराची सही नव्हती. आता सुलटे करावे तर जुन्या पट्ट्या सुटतील, या भीतीने संग्रहालयाने ते तसेच ठेवले. जाणकारांच्या हाती असलेल्या चित्राचे हे झाले, तर सभागृहात घाईने चित्रे लावणाऱ्या स्वयंसेवकांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांना कोणी काही लिहून दिलेले नसते.

म्हणून पहिले काम चित्राच्या पाठीवर. वरची बाजू दाखवणारा बाण, चित्रकाराचे नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम आणि मापे हे सगळे स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ज्यावर ताणलेला असतो त्या चौकटीच्या, लाकडी पट्टीवर लिहावे किंवा तिथे चिठी चिकटवावी. कॅनव्हासच्या पाठीवर बॉलपेन दाबून लिहिले तर अक्षरांचा उठाव पुढून दिसू लागतो, आणि मार्करची शाई कापडातून पुढे उतरू शकते. मापे आधी उंची, मग रुंदी, अशीच लिहायची. क्रम बदलला की उभे चित्र कॅटलॉगमध्ये आडवे होते. अमूर्त चित्रांना पुष्कळदा शीर्षकच नसते. वासुदेव गायतोंडे यांची कितीतरी चित्रे 'शीर्षकहीन' याच नावाने ओळखली जातात. एकाच चित्रकाराची अशी दोन चित्रे आली तर नावावरून ती वेगळी ओळखता येत नाहीत, म्हणून प्रत्येकाला क्रमांक आणि छोटे छायाचित्र हवेच.

आता बांधणीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक नुकसान इथेच होते. अ‍ॅक्रिलिक या पाण्यात मिसळणाऱ्या प्लास्टिकसारख्या रंगाचा थर वाळल्यावरही थोडा मऊ राहतो आणि उष्णतेत चिकट होतो. त्यावर थेट बबल रॅप गुंडाळून चित्र बंद गाडीत काही तास ठेवले की फुग्यांचे गोल ठसे रंगात उमटतात. सपाट रंगाचे मोठे पट्टे असलेल्या चित्रात ते लपतच नाहीत आणि पुसूनही जात नाहीत. चित्राच्या पृष्ठभागाला काहीच न टेकणे सर्वांत चांगले. त्यासाठी चारही कडांना चित्रापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर उंच अशी पुठ्ठ्याची किंवा लाकडाची चौकट करून तिच्यावर झाकण बसवावे. तेवढे जमत नसेल तर आधी सिलिकॉनचा लेप असलेला न चिकटणारा कागद, मग बबल रॅप, आणि फुगे बाहेरच्या बाजूला. थंडीत उलट होते. अ‍ॅक्रिलिक कडक आणि ठिसूळ होते, मग कॅनव्हासला जरा धक्का बसला तरी तडा जातो.

तैलरंगाचा प्रश्न निराळा. तो पाणी उडून वाळत नाही; त्यातले तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होते. पातळ थर काही दिवसांत हाताला कोरडा लागतो, पण पॅलेट नाइफने दिलेला जाड थर वरून कोरडा आणि आतून महिनोन्‌महिने मऊ राहतो. आमंत्रण उशिरा मिळाले म्हणून चित्रकार आदल्या आठवड्यात चित्र संपवतो, आयोजक ते दुसऱ्या चित्राला टेकवून ठेवतात आणि उंच थरांची टोके चपटी होतात. जाड तैलरंगाचे चित्र लिलावाला द्यायचे तर ते सहा महिन्यांपूर्वी पूर्ण झालेले असावे. चमक यावी म्हणून घाईने वॉर्निश मारू नये. ते कच्च्या रंगात मिसळते, आणि पुढे स्वच्छ करताना वॉर्निशबरोबर रंगही निघू शकतो. हल्ली समारंभातच चित्र काढून तिथल्या तिथे विकायची पद्धत आहे. ती ठेवायची असेल तर अ‍ॅक्रिलिकचे पातळ थरच वापरावेत, आणि चित्र त्याच रात्री न देता वाळल्यावर पोचवू असे बोलीआधीच सांगावे.

अस्तर न दिलेल्या कच्च्या कॅनव्हासवर रंग मुरवून केलेली चित्रे तर फारच नाजूक. अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेनथेलरच्या १९५२ सालच्या 'माउंटन्स अँड सी' पासून ही पद्धत पुष्कळांनी उचलली. अशा चित्रात मोकळे सोडलेले कापड हाही चित्राचाच भाग असतो, आणि बोटांचा घाम त्यात मुरला की डाग कायमचा. चित्र नेहमी दोन्ही हातांनी, बाजूच्या लाकडाला धरून उचलावे. वरच्या पट्टीला धरून उचलताना बोटे मागून कॅनव्हासमध्ये रुततात. तो फुगवटा लगेच दिसत नाही, काही वर्षांनी तिथे कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा उमटतात.

मांडणीत सगळ्यांत मोठी चूक उजेडाची. समारंभाच्या निळ्या-जांभळ्या दिव्यांखाली मानवाकृतींचे चित्र निदान ओळखू तरी येते. ज्या चित्रात दोन करड्या छटांमधला फरक हाच विषय आहे, ते मात्र त्या उजेडात उरतच नाही, आणि मग लोक बोली लावत नाहीत. चित्रावर स्वतंत्र पांढरा दिवा हवा, रंग अचूक दाखवण्याचा त्याचा निर्देशांक ९० च्या वर हवा, आणि तो साधारण तीस अंशांच्या कोनातून वरून पडावा म्हणजे चकाकी डोळ्यांत येत नाही. तैलरंग किंवा अ‍ॅक्रिलिकला दीडशे-दोनशे लक्स (उजेड मोजायचे एकक) पुरतात, कागदावरच्या कामाला पन्नास. थेट उन्हात तर ठेवूच नये. मार्क रॉथको यांनी हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली मोठी चित्रे १९६४ मध्ये भोजनकक्षात लागली. त्यातला लिथॉल रेड हा रंग उन्हाने उडत गेला आणि १९७९ पर्यंत ती काढून साठवणीत न्यावी लागली. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा. डगमगत्या ईझलवर, येण्याजाण्याच्या वाटेत चित्र ठेवणे म्हणजे धक्क्याची वाट पाहणे.

कॅटलॉगसाठी एक छायाचित्र समोरून आणि एक बाजूच्या तिरप्या उजेडात घ्यावे, म्हणजे रंगाची जाडी दिसते. पानात बसवण्यासाठी कडा छाटू नयेत. अमूर्त चित्रात कडेला काय घडते यावर सगळा तोल असू शकतो. वृत्तपत्रांनाही हीच विनंती आहे.

किमतीबाबत माझे मत स्पष्ट आहे. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली चित्र विकायचेच नाही ती किंमत, न ठरवता चित्र देऊ नये आणि संस्थेनेही घेऊ नये. चित्रकाराची चालू विक्री-किंमत १०० धरली तर सुरुवातीची बोली ४० च्या आसपास, गुप्त राखीव किंमत ६० आणि बोलीची वाढ दर वेळी साधारण १० टक्के, हे गणित बहुतेक ठिकाणी चालते. 'सगळे पुण्यकर्मच आहे, जे येईल ते घेऊ' म्हणून चित्र २० ला सोडले की तो आकडा चित्रकाराला चिकटतो. पुढचा खरेदीदार तोच दाखवून घासाघीस करतो, आणि ज्यांनी आधी पूर्ण किंमत मोजली त्यांना फसल्यासारखे वाटते. चढाओढीला निदान दोन इच्छुक लागतात. म्हणून आठवडाभर आधी चित्र पाहायला बोलवावे आणि राखीव किमतीला घ्यायला खरोखर तयार असलेला एक तरी माणूस गाठून ठेवावा. लिलावाच्या क्रमाचे तीन भाग केले तर चित्र मधल्या भागात यावे. सुरुवातीला लोक अजून स्थिरावलेले नसतात, शेवटी निघायच्या घाईत असतात. लिलाव पुकारणाऱ्याला तीन वाक्ये लिहून द्यावीत : चित्रकाराने आजवर काय केले, हे चित्र कसे रंगवले, कोणत्या माध्यमात. 'ज्याला जे दिसेल ते' असे म्हणून त्याने हशा पिकवला की बोली तिथेच बसते.

दान देणाऱ्याचा विचार तर सर्वांत कमी होतो. कॅनव्हास, रंग, फ्रेम आणि वाहतूक यांचा खर्च चित्रकाराने आधीच केलेला असतो. करसवलत मिळेलच असेही नाही : अमेरिकेत १९६९ च्या करसुधारणेपासून चित्रकाराला स्वतःचे चित्र दान केल्यावर बाजारभावाची नव्हे, फक्त साहित्याच्या खर्चाची वजावट मिळते. हातोडा पडलेल्या रकमेतला ३० ते ५० टक्के वाटा चित्रकाराला देणाऱ्या संस्था आहेत, आणि त्यांच्याकडे चित्रकार उरलेसुरले न देता चांगले काम देतात. वाटा घ्यायचा की नाही हे चित्रकाराने ठरवावे. विचारायचे मात्र संस्थेने. चित्र विकले तरी प्रतिमेचा कॉपीराइट, वेगळा लेखी करार नसेल तर, बहुतेक देशांत चित्रकाराकडेच राहतो. कॅटलॉग आणि समारंभाची प्रसिद्धी यापलीकडे, म्हणजे दिनदर्शिका किंवा भेटकार्डांवर, चित्र छापायचे तर वेगळी परवानगी लागते. हे पावतीवरच लिहावे.

पावतीबरोबर एक स्थितीपत्रकही हवे : चित्र ताब्यात घेताना कुठे ओरखडा आहे, कोणता कोपरा दबला आहे, चारही कडा आणि पाठ यांची छायाचित्रे, तारीख, दोघांच्या सह्या. देताना तेच पत्रक घेणाऱ्यासमोर पुन्हा तपासायचे. विमा चित्रकाराच्या दारापासून खरेदीदाराच्या दारापर्यंतचा आणि चालू विक्री-किमतीचा असावा, नुसत्या सामानाच्या किमतीचा नव्हे. पैसे जमा झाल्यावरच चित्र हाती द्यावे. खरेदीदाराची संमती घेऊन त्याचा पत्ता चित्रकाराला कळवावा. उद्या मोठे प्रदर्शन भरले किंवा चित्राला दुरुस्ती लागली, तर ते कोणाकडे आहे हे चित्रकाराला माहीत असायला हवे.

चित्र राखीव किमतीला पोचले नाही तर ते मंचावरून तसे जाहीर न करता पुढच्या क्रमांकाकडे वळावे आणि त्याच रात्री मागच्या दाराने स्वस्तात देऊन टाकू नये. ठरलेल्या मुदतीत, आले होते त्याच चौकटीत बांधून, स्थितीपत्रकासह ते चित्रकाराला परत करावे आणि त्याचा वाहतूक खर्च संस्थेने सोसावा.

कळावे,
आपला एक वाचक