तात्पर्य न विचारणाऱ्या लायब्ररीच्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. शाळेत तुमच्या हातून पुस्तकं नेलेल्या मुलांपैकी कुणाच्या वाचनात आलं, तर ते तुमच्यापर्यंत पोचेल अशी आशा आहे.

आभार मानायचे आहेत ते एका अगदी साध्या गोष्टीचे. मी पुस्तक बदलायला यायचे आणि तेच पुस्तक पुन्हा मागायचे. घरी ऐकू यायचं, "परत तेच? वाचून झालंय ना?" वर्गातही तेच. तुम्ही मात्र शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर नवी तारीख टाकायचात आणि पुस्तक माझ्या हातात द्यायचात. काय वाचलंस, काय शिकलीस, गोष्टीचं तात्पर्य काय, यातलं काहीही तुम्ही मला कधी विचारलं नाही. मुलांना पुस्तकं आवडावीत म्हणून मोठी माणसं पुष्कळ खटपट करतात. पण लहानपणी एखादं पुस्तक आपलं होतं ते बहुतेक वेळा पुन्हा पुन्हा वाचण्यातून, आणि ते वाचत असताना कुणी मध्ये येत नाही म्हणून. हे मला फार उशिरा उमगलं. तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं.

फास्टर फेणेची आठवण तर तुम्हालाही असेल. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे मला इतका का आवडायचा, याचा मी नंतर बराच विचार केला आहे. तो काटकुळा होता. त्याच्याकडे कसली दैवी शक्ती नव्हती, जादूची वस्तू नव्हती. होते ते चपळ पाय, सायकल आणि आजूबाजूला काय चाललंय ते टिपणारे डोळे. आणि तो 'ट्टॉक्'! जीभ टाळ्याला लावून तो आवाज काढल्याशिवाय मला पुढचं वाक्य वाचताच यायचं नाही. लायब्ररीच्या तासाला शांतता पाळायची असायची, तरी त्या आवाजासाठी तुम्ही मला कधी दटावलं नाहीत. पहिल्या वाचनात चोर कोण ते कळून जायचं. खरी मजा दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात. आता मला चोर ठाऊक आहे आणि फेणेला नाही, मग त्याला पहिला संशय नेमका कुठे येतो? कुठल्या ओळीत? ते शोधत मी पानं मागेपुढे चाळत बसायचे. नीट वाचायचं म्हणजे काय ते मी तिथे शिकले, आणि शिकते आहे याचा मला पत्ताही नव्हता.

त्यातल्याच एका पुस्तकाचं शेवटचं पान फाटून गेलेलं होतं. मी रडवेली होऊन ते तुमच्याकडे आणलं. पुढच्या आठवड्यात ते पुस्तक परत कपाटात आलं, तेव्हा शेवटी एक आखीव कागद डिंकाने चिकटवलेला होता. कुठून तरी दुसरी प्रत मिळवून तुम्ही ते सगळं पान निळ्या शाईने उतरवून काढलं होतं. संवादांची अवतरणचिन्हंसुद्धा जागच्या जागी होती. सगळ्यात खाली, छापील पानावर असतो तसा, मधोमध पानाचा आकडाही घातला होतात. त्या एका कामासाठी तुम्हाला नमस्कार करायचा राहून गेला होता, तो आज करते.

भागवतांचं नाव शोधत शोधतच मी 'मुक्काम शेंडेनक्षत्र'पर्यंत पोचले. ज्यूल व्हर्न हा फ्रेंच लेखक असतो आणि ही मूळ गोष्ट त्याची, हे तुम्हीच सांगितलंत. धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि तिचा एक तुकडा माणसांसकट घेऊन जातो! तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो, वजन हलकं होतं आणि माणसं भलत्याच उंच उड्या मारतात. पुढे भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वीचं फिरणं आलं, तेव्हा ते मला नवं वाटलंच नाही.

'श्यामची आई' तुम्ही ज्या तऱ्हेने दिलंत, तसं ते प्रत्येक मुलाला मिळायला हवं. एरवी हे पुस्तक हातात येतं तेच मुळी 'वाच, चांगले संस्कार होतील' या वाक्यासकट. मग मूल धडा वाचायचा म्हणून वाचतं. हा त्या पुस्तकावर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "यात रात्री आहेत. रोज एक रात्र वाच." साने गुरुजींनी यातल्या बहुतेक रात्री 1933च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहून काढल्या, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मला आवडली ती त्याची मांडणी. श्याम सांगतो आहे, आश्रमातले सोबती भोवती बसून ऐकताहेत, आणि त्या ऐकणाऱ्यांत आपल्यालाही जागा आहे. श्याम इतका हट्टी, इतका भित्रा, हेही फार आवडायचं. पोहायला जायचं नाही म्हणून तो लपून बसतो तो प्रसंग मी किती वेळा वाचला असेन! शहाण्या मुलांच्या गोष्टी पुष्कळ होत्या. इथे एक मोठा माणूस आपलं लहानपणचं वागणं काही न लपवता सांगत होता. आणि हो, बेचाळीसही रात्री मी रोज एक अशाच वाचल्या. एकदाही पुढे पळाले नाही.

चांदोबाचे बांधीव अंक घरी न्यायला मिळत नसत, ते तिथेच बसून वाचायचे. विक्रम आणि वेताळ दर महिन्याला नव्याने निघायचे. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम, हे शंकर यांचं चित्र आजही डोळे मिटले की दिसतं. राजा बोलला की वेताळ झाडावर परत, म्हणजे गोष्ट संपतच नाही. गोष्ट संपू नये असं ज्या वयात वाटतं, त्या वयाला याहून अधिक काय हवं?

शाळेच्या शेवटच्या वर्षी तुम्ही 'तोत्तोचान' दिलंत. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे 1981चं जपानी पुस्तक, चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलेलं. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा मला आवडलीच, पण मी थांबले ती वेगळ्याच जागी. तोत्तोचानचं पाकीट संडासाच्या खड्ड्यात पडतं. ती सगळा मैला उपसून बाहेर ढीग करते. मुख्याध्यापक कोबायाशी येतात, बघतात, आणि काम झाल्यावर हे सगळं परत आत टाकशील ना, एवढंच विचारून निघून जातात. ना रागावणं, ना मदत, ना उपदेश. ते वाचताना मला तुम्ही आठवलात.

आता माझी भाची माझ्याकडे पुस्तकांसाठी येते. तिने गेल्या महिन्यात एक पुस्तक नेलं, परत आणलं आणि तेच पुन्हा मागितलं. मी कपाटातून काढून दिलं.

बाई, एक मात्र राहून गेलं. आम्ही सगळी मुलं तुमच्याकडे पुस्तकं मागत राहिलो, पण तुम्ही लहानपणी काय वाचायचात ते कुणी विचारलंच नाही. तुमचं सगळ्यात आवडतं पुस्तक कोणतं होतं? हे पत्र पोचलं तर तेवढं नक्की कळवा. मला ते वाचायचं आहे.

तुमची विद्यार्थिनी