चार नंबरचा दुसरा रंधा

चि. मयूरीस,
अनेक आशीर्वाद.

जुन्या बाजारातून आणलेल्या पेटीत चार नंबरचा, म्हणजे शेवटचा साफ हात मारायच्या मापाचा, आणखी एक रंधा निघाला, तो विकू की कुणाला देऊ, असं तू विचारलंस. माझं मत, विकू नकोस. पण पहिल्यासारखाच लावून शेजारी ठेवूही नकोस. सारखे लावलेले दोन रंधे असले की एक कायम पडून गंजतो. दुसऱ्याला वेगळं काम नेमून दे: जाड माल उतरवायचं. करवतीवरून आलेली फळी तू साफ हाताच्या रंध्याने उतरवतेस आणि मग त्याच पात्याने शेवटचा हात मारायला जातेस. सागात सिलिका असते, ती धार खाते, शिवाय फळीवर धूळ-रेती बसलेली असते ती वेगळीच. पहिल्या दोन मिलिमीटरांसाठी चांगलं पातं झिजवू नये.

आधी दोन्ही रंधे पूर्ण खोल. ज्याचा तळ जास्त वाकडा, तोंड (पातं बाहेर येतं ती फट) जास्त रुंद, तो जाड कामाला घे. या कामात तळ अगदी सपाट नसला तरी चालतं, साफ हाताला मात्र पुढचं टोक, तोंडाची पुढची कड आणि मागचं टोक एका पातळीत लागतंच.

मग तडा तपास. रंधा बिडाचा असतो, पडला की तोंडाच्या कोपऱ्यापासून बाजूच्या भिंतीत तडकतो. त्या भागाला रॉकेल किंवा डिझेल लाव, दहा मिनिटांनी कोरडं पुसून घे आणि वर खडूची पूड चोळ. तडा असेल तर तेल परत झिरपून खडूवर ओली रेघ उमटते. तशी रेघ दिसली तर तो रंधा वापरू नकोस आणि कुणाला देऊही नकोस. पातं, त्याच्यावरची पट्टी, दोन्ही दाबून धरणारी लिव्हर कॅप आणि मुठींचे लांब स्क्रू काढून डब्यात ठेव. त्या स्क्रूंचा आटा बऱ्याचदा नेहमीच्या मापाचा नसतो, हार्डवेअरच्या दुकानात जोड मिळत नाही.

आता पातं. सगळी करामत इथे आहे. सरळ धारेचं पातं जास्त बाहेर काढलं तर त्याचे कोपरे लाकडात रुततात आणि रंधा अडतो. म्हणून धारेला गोलाई द्यायची. स्टॅनलीच्या चाळीस नंबरच्या खडबडीत रंध्याचं पातं जेमतेम सव्वा इंच रुंद होतं. अशा अरुंद पात्याला ७५ मिमी त्रिज्येची गोलाई शोभते, कोपरे दीडपावणेदोन मिमीच मागे जातात. तुझं पातं दोन इंची आहे. त्यावर तीच गोलाई घेतलीस तर कोपरे चार मिमीहून जास्त मागे जातील आणि वरची पट्टी बसवायला अडचण होईल. २०० मिमी त्रिज्या घे, कोपरे साधारण दीड मिमी मागे जातात, तेवढं पुरे.

जाड पुठ्ठ्यावर २०० मिमीचा कंस काढून काप. तो पात्याच्या सपाट बाजूवर ठेवून मार्करने रेघ मार. आधी पातं ग्राइंडरला काटकोनात धरून रेघेपर्यंत घास, आकार आला की मगच २५ अंशांचा उतार काढ. हा क्रम मोडू नकोस. उलट केलंस तर पातळ झालेली कड तापून निळी पडते, पोलादाचं पाणी उतरतं आणि तिथे धार टिकत नाही. उतार काढताना दर तीन-चार सेकंदांनी पाण्यात बुडव, पातं बोटाला चटका देण्याची वाट पाहू नकोस. शेवटी दगडावर ३० अंशांत, पातं एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे झुलवत धार लाव. मागे आलेली कंगोरी (दुमडलेली बारीक कड) सपाट बाजूने काढ. आरशासारखी चमक इथे लागत नाही.

वरची पट्टी धारेपासून दोन मिमी मागे बसव. साफ हाताच्या रंध्यात ती अर्ध्या मिमीच्या आत असते, कारण लाकडाच्या रेषेच्या उलट रंधा गेला तरी लाकूड फाटू द्यायचं नसतं. इथे जाड ढलपीला वाट हवी. फ्रॉग, म्हणजे पातं ज्यावर टेकतं तो तिरका ठोकळा, मागे घे, पण तोंडामागच्या उताराशी सपाट येईल इतकाच. त्याहून मागे गेला तर पातं फ्रॉगवर न टेकता तळाच्या कडेवर टेकतं, मग थरथरतं आणि लाकडावर लाटा पडतात. तोंड कानशीने मोठं करू नकोस, घासून काढलेलं बीड परत येत नाही.

वापरताना फळी आधी ब्रशने झाड. दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या ठेवून नजर लाव, पीळ कुठे आहे ते कळेल. उंच कोपऱ्यांपासून सुरू कर आणि रेषेला तिरका, साधारण ४५ अंशांत रंधा मार. पलीकडची कड फुटते, म्हणून ती आधी थोडी तिरकी छाटून घे. हव्या जाडीच्या खुणेच्या वर एक मिमी शिल्लक ठेवून थांब, राहिलेलं पाच नंबरच्या लांब रंध्याने सपाट कर आणि मग साफ हाताचा चार नंबर काढ.

हे काम तुला वर्षातून एखाद-दुसऱ्या फळीपुरतंच पडत असेल, तर मात्र खुशाल देऊन टाक. पण बोथट देऊ नकोस. नव्या शिकणाऱ्याच्या हातात बोथट रंधा आला की तो दोष स्वतःच्या हाताला देतो आणि सोडून देतो. धार लाव, एका फळीवर ढलपी निघते का बघ, आणि पट्टी कुठे बसवायची ते सांगून दे.

ठेवणार असशील तर पावसाळ्याआधी शिलाई मशीनच्या तेलाचा बारीक हात फिरव, खायचं तेल नको, ते चिकट होतं. आणि मुठीवर लाल रंगाचा एक ठिपका दे, म्हणजे घाईत दोघांची पाती एकमेकांत जाणार नाहीत.

तुझे,
बाबा