थांबवलंत, त्याबद्दल आभार

वेस्ट यलोस्टोनच्या आमच्या गाईडना,

स. न. वि. वि.

स्नोमोबाइलच्या (पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा असलेल्या, बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या) सहलीहून परतणारे लोक गाईडचे आभार मानतात ते बहुधा गीझर, म्हणजे उसळणारं गरम पाण्याचं कारंजं, वेळेवर दाखवला किंवा फोटो छान काढून दिले म्हणून. आमचे आभार थांब्यांसाठी आहेत. डावा हात सरळ वर करून तुम्ही जिथे जिथे रांग थांबवलीत, आणि त्याआधी अंगणातच ज्याला-त्याला अडवलंत, त्या सगळ्यासाठी. पत्र मराठीत आणि जाहीर लिहितोय, कारण अमेरिकेतली मराठी मंडळी देशातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानात जातात. गाईड नेमकं काय करतो हे माहीत नसलं, की ताशी ५६ किलोमीटरच्या वेगमर्यादेवर कुरकुर करतच परततात.

गाईड का, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत उद्यानाच्या पश्चिम दरवाज्यातून आत जाणारा रस्ता चाकाच्या गाड्यांना बंद असतो; त्यावर बर्फ दाबून स्नोमोबाइल आणि स्नोकोच (बर्फावर चालणाऱ्या बस) चालतात. २०१३ च्या नियमाप्रमाणे एका तुकडीत जास्तीत जास्त १० स्नोमोबाइल, पुढे परवानाधारक गाईड आणि गाड्या कमी धूर, कमी आवाजाच्या. स्वतःच्या जबाबदारीवर जायचं तर सोडतीत नंबर लागावा लागतो, आणि तिथेही ५ गाड्यांची मर्यादा आहे. हे निर्बंध उगाच आलेले नाहीत. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत तेल पेट्रोलबरोबरच जळायचं आणि बरंचसं पेट्रोल न जळताच बाहेर पडायचं. २००० च्या सुमारास पश्चिम दरवाज्यावरच्या रेंजरांच्या चौकीत बाहेरून ताजी हवा सोडावी लागत होती. आज फोर-स्ट्रोक गाडीमागे तासभर चालूनही डोकं दुखत नाही, ते या धुरावरून झालेल्या भांडणाचं फळ.

तर पहिला थांबा कपड्यांचा. थर्मलच्या आत सुती बनियन घातलेला माणूस तुम्ही परत कपडे बदलायला पाठवलात. आपल्याकडे बनियन ही सवय आहे, तिला कोणी कपडा म्हणून मोजतही नाही. पण सुती कापड घाम शोषून ओलं राहतं आणि गाडी सुरू झाली की तेच छातीवर गार पडतं. हवा उणे १८ असेल आणि गाडी ५६ ने धावत असेल, तर उघड्या कातडीला ती उणे ३३ सारखी लागते. गालावर, नाकाच्या शेंड्यावर अर्ध्या तासाच्या आत हिमदंश होऊ शकतो. म्हणून आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारा सूट. माकडटोपीही तुम्ही काढायला लावलीत. जाड लोकर हेल्मेटच्या आत बसत नाही. हेल्मेट वर उचललं जातं आणि काचेखालून वारा शिरतो. पातळ बलाक्लाव्हा (डोकं-चेहरा झाकणारी टोपी) पुरते. चष्मेवाल्यांना तुम्ही श्वासपट्टी नाकावर घट्ट बसवून दिलीत, म्हणजे उच्छ्वास काचेकडे न जाता खाली जातो. मोज्यांवर मोजे चढवू दिले नाहीत, कारण बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गारठतात.

मग गाड्या. रात्रभर उभ्या गाडीचा ट्रॅक (गाडी पुढे ढकलणारा मागचा फिरता पट्टा) जमिनीला चिकटलेला असतो आणि स्की बर्फात गोठलेल्या असतात. तशीच किल्ली फिरवून थ्रॉटल दाबला तर सगळा ताण इंजिनाचा जोर ट्रॅककडे नेणाऱ्या ड्राइव्ह बेल्टवर येतो. गारठून कडक झालेला बेल्ट तिथेच जळतो किंवा तुटतो. तुम्ही प्रत्येक गाडीचा मागचा भाग उचलून आपटलात, स्की डावी-उजवी हलवून सोडवल्यात, इंजिन गरम होऊ दिलंत. स्कीखालची कार्बाइडची धार बोटाने तपासलीत. ती बोथट असली की गाडी वळायचं नाव घेत नाही. हँडल फिरतं, गाडी सरळच जाते.

चालवण्याचा धडा तुम्ही दहा मिनिटांत उरकलात आणि त्यात एकही वाक्य फुकट नव्हतं. उजव्या अंगठ्याने थ्रॉटल, डाव्या हाताने ब्रेक. ब्रेक ट्रॅकवर लागतो, स्कीवर नाही, म्हणून तो वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर लावायचा. टेदरची दोरी अंगाला बांधायची: माणूस पडला तर इंजिन बंद पडलं पाहिजे. अंगठ्याचं टोक दाबून दाबून तासाभरात बधिर होतं, त्यामुळे अंगठ्याच्या मुळाने दाबायचं. वळणावर अंग आतल्या बाजूला झुकवायचं, आणि पाय काही झालं तरी खाली टेकवायचा नाही. बाइक चालवणाऱ्यांची ही खोड सुटत नाही. जवळजवळ ३०० किलोच्या गाडीखाली पाय अडकला की पहिला जातो तो गुडघा. दोघे बसतात तेव्हा मागच्याच्या वजनाने पुढच्या स्की हलक्या होतात आणि गाडी वळणाबाहेर ढकलली जाते. त्यामुळे मागे बसणाऱ्यानेही चालवणाऱ्याबरोबर झुकायला हवं. मागे बसणं आरामाचं, हा गैरसमज मात्र कुणीतरी लवकर दूर करायला हवा. चालवणारा हालचाल करतो, त्याच्या हँडलच्या मुठी गरम केलेल्या असतात. मागचा नुसता बसून गारठतो. तुम्ही वाटेतल्या मॅडिसनच्या थांब्यावर, उबाऱ्याच्या खोलीपाशी त्यांना आधी आत पाठवलंत, हे आमच्या लक्षात आहे.

दरवाज्यापासून मॅडिसन १४ मैल, तिथून ओल्ड फेथफुल हा गीझर आणखी १६. जाऊन-येऊन ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर. सकाळी रस्ता गुळगुळीत असतो, कारण रात्री ग्रूमर (बर्फ सपाट करणारं यंत्र) त्यावरून फिरलेला असतो: पुढच्या पात्याने उंचवटे कापायचे, बर्फ ढवळायचा, मागच्या तव्याने दाबायचा. तो बर्फ थंडीत काही तास तसाच राहिला की कण एकमेकांना धरतात आणि थर कडक होतो. दुपारी ऊन आणि गाड्यांचे ब्रेक-थ्रॉटल यांनी त्याच रस्त्याचा नालीदार पत्रा होतो. त्या पत्र्यावर तुम्ही गुडघे वाकवून अर्धवट उभं राहायला सांगितलंत. बसून राहणाऱ्यांच्या कमरेने संध्याकाळी तक्रार केली असती.

आता तो थांबा, जो कुणालाच कळत नाही. कडक, बर्फाळ रस्त्यावर काहीही दिसत नसताना तुम्ही रांग कडेच्या मऊ बर्फाजवळून न्यायला लागायचात, किंवा सरळ थांबायचात. पुष्कळशा स्नोमोबाइलमध्ये इंजिनाचं पाणी थंड होतं ते ट्रॅकने उडवलेल्या बर्फावर. रस्ता दगडासारखा असेल तर बर्फ उडतच नाही, आणि उणे १५ मध्येही तापमानाचा दिवा लागतो. ट्रॅक ज्या रुळांवर सरकतो त्यांवरच्या प्लॅस्टिक पट्ट्यांनाही वंगण बर्फाचंच. ते नसलं की पट्ट्या वितळून चिकटतात. म्हणून मागे लोंबणारे स्क्रॅचर खाली सोडायचे, रस्ता खरवडून थोडा भुगा उडवत राहायचं. गरम झऱ्यांच्या आसपास तर जमीनच इतकी ऊबदार की डांबर उघडं पडतं. तिथे कार्बाइड घासून ठिणग्या उडतात आणि स्टिअरिंगला पकड राहत नाही. तुम्ही प्रत्येक उघड्या पट्ट्याआधी हात दाखवून वेग उतरवलात.

बायसनचा (अमेरिकेतल्या रानगव्यासारख्या जनावराचा) थांबा सगळ्यांना आठवतो, पण चुकीच्या कारणासाठी. लोकांना वाटतं, फोटोसाठी थांबलो. नियम २५ यार्डांचा, म्हणजे साधारण २३ मीटर. लांडगा किंवा अस्वल असेल तर १०० यार्ड. खोल बर्फात बायसन डोकं डावी-उजवी घुसळून गवत उकरतो, आणि साठवलेल्या चरबीवर वसंतापर्यंत तगतो. रस्ता दाबलेला असल्याने त्याला चालायला सोपा, म्हणून कळप रस्त्याने येतो. मागून गाड्यांनी रेटलं की तो पळतो आणि ती चरबी खर्ची पडते. तुम्ही रांग उजव्या कडेला एकामागे एक लावलीत, कळप स्वतःच्या चालीने निघून जाऊ दिलात, आणि एक जनावर रस्त्यातच उभं राहिलं तेव्हा हॉर्न नाही, इंजिनचा आवाज नाही, नुसतं थांबून राहिलात. ९०० किलोपर्यंतचा बैल ताशी ५५ किलोमीटरने धावू शकतो. तुमच्या वेगमर्यादेवर नाराज असणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

रस्त्याच्या कडेवरून एक गाडी खाली गेली, त्यात विशेष काही नाही. प्रत्येक हंगामात अशा कितीतरी जातात. दाबलेला रस्ता आजूबाजूच्या भुसभुशीत बर्फापेक्षा उंच असतो, आणि एक स्की कडेबाहेर गेली की बाकीची गाडी तिच्या मागे ओढली जाते. चालवणारा घाबरून थ्रॉटल दाबतो, तीच चूक. ट्रॅक पुढे ढकलत नाही, खाली खड्डा खणतो. तुम्ही आधी इंजिन बंद करायला लावलंत. मग ट्रॅकखालचा आणि पायफळ्यांखालचा बर्फ फावड्याने काढलात, स्कीच्या पुढचा दहा-बारा फुटांचा पट्टा पायाने तुडवून घट्ट केलात, मागचा भाग उचलून खड्ड्याबाहेर बाजूला सरकवलात. दोघांनी स्कीच्या कड्या धरून पुढे ओढायचं, एकाने बाजूला उभं राहून अंगठा हळू दाबायचा, आणि ट्रॅकच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही, कारण तिथून बर्फाचे खडे सुटतात. गाडी हलली की थांबायचं नाही, पक्क्या रस्त्यावर येईपर्यंत. हे सगळं पाच-सात मिनिटांत झालं, आणि चालवणाऱ्याला एकही टोमणा न मारता.

ओल्ड फेथफुलचं वेळापत्रक तुम्ही जेवणाशी जुळवलंत. आधीचा उद्रेक अडीच मिनिटांपेक्षा कमी चालला असेल तर पुढचा सव्वा तासाच्या आत. जास्त चालला असेल तर दीड तास किंवा थोडा उशिरा, दहा मिनिटं पुढेमागे. ७,३५० फुटांच्या उंचीवर पाणी ९३ अंशांनाच उकळतं, आणि थंडीत वाफ इतकी दाट होते की वारा वाफ ज्या बाजूला नेतो तिथे उभं राहिलं तर नुसता पांढरा पडदा दिसतो. तुम्ही वारा पाहून बाजू बदलायला लावलीत. लाकडी वाटांवर वाफ पडून गोठलेली असते, तिथे बुटांखाली पकड हवीच.

शेवटी दुसऱ्या दिवसाचं, पार्काबाहेरच्या जंगलातलं. टू टॉप डोंगराच्या बाजूला मोकळे उतार दिसतात आणि तिथे गाईडची सक्तीही नाही. ताज्या बर्फाचा मोह कुणालाही होतो. तुम्ही सकाळी बोझमनच्या हिमस्खलन केंद्राचं पत्रक वाचून दाखवलंत आणि ३० अंशांपेक्षा तीव्र उतार त्या दिवशी बाद केलेत. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरच सुटतात. प्रत्येकाचा ४५७ किलोहर्ट्झचा बीकन (गाडलेल्याला शोधण्यासाठी संदेश पाठवणारं यंत्र) अंगावर, जॅकेटच्या आत. गाडीच्या पिशवीत ठेवलेला बीकन फक्त गाडी शोधून देतो. फोन बीकनपासून २० सेंटीमीटर लांब, आणि शोधताना ५० सेंटीमीटर, नाहीतर गडबड होते. फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब सळी) पाठीवरच्या पिशवीत, कारण गाडीवर ठेवली आणि गाडी वाहून गेली तर तीही जातात. गाडलेल्या माणसाला पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर काढायचं असतं, त्यामुळे बाहेरच्या मदतीची वाट पाहण्यात अर्थ नाही. सोबतचे लोक हीच मदत.

एकाने विचारलं, वर कुणी अडकला तर दुसरा मदतीला का जाऊ नये? तुम्ही सांगितलंत: उतारावर एका वेळी एकच. अडकलेला स्वतः सुटेल किंवा गाडी सोडून चालत खाली येईल. दुसऱ्याचं वजन पडून उतार सुटला तर दोघं खाली आणि शोधणारे कमी. बाकीच्यांनी उताराच्या वाटेबाहेर, गाड्यांची तोंडं बाहेरच्या दिशेने करून, वर नजर ठेवून थांबायचं. मग तुम्ही आम्हाला कुरणांतून, झाडांच्या कडेने फिरवून आणलंत. वरच्या उतारावर त्या दिवशी कुणाच्याच गाडीची रेघ नव्हती, आणि तुम्ही तिकडे बोट दाखवून म्हणालात, आज नाही.

पुढच्या हंगामात आमच्या ओळखीची दोन कुटुंबं तुमच्याकडे येतील. बनियनबद्दल आम्ही आधीच सांगून ठेवलंय. माकडटोपीबद्दल मात्र तुम्हालाच भांडावं लागेल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
रांगेत मागे चालणारी मंडळी