पुराचे फूट पाठ, पाण्याचं काय?

संपादक साहेब,
जुलै लागला की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले हे दर दहा मिनिटाला ब्रेकिंग, त्यामुळं ३९ फूट इशारा आणि ४३ धोका हे इथं शेंबड्या पोराला पण पाठ, चांगलंच आहे म्हणा, २०१९ चा महापूर बघितलाय आपण. पण उन्हाळ्यात त्याच पंचगंगेत मेलेले मासे तरंगतात त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळी. मग लोकांना वाटतंय नदीचा धोका फक्त पावसाळ्यात. २०१२ ला इचलकरंजीत काविळीनं माणसं दगावली ती दूषित पाण्यानंच की! सोन्याचा भाव रोज छापताय तसा नदीच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा पण छापा, लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे धोक्यात, हे पण पाठ करतील लोक.

- एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर