गुडघ्यांवरच्या शर्यती

ऑशकोश, विस्कॉन्सिन
११ सप्टेंबर

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

ताईचा फोन आला होता. डॉक्टरांनी बजावूनही तुम्ही उकिडवे बसून दांडीच्या किनाऱ्यावरच्या पोरांची इंजिनं खोलता, असं म्हणाली. ओरडण्यासाठी हे पत्र नाही. माझा ओरडा तुम्ही कधी ऐकलात? पण गुडघ्यांवरूनच एक गोष्ट सांगायची आहे आणि ती फोनवर होत नाही. दोन मिनिटं झाली की तुम्ही “बिल येईल” म्हणून ठेवून देता. व्हॉट्सॅपला बिल येत नाही, हे सांगून मी थकलो.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. वय ८४, दोन्ही गुडघे बदललेले. मे महिन्यात त्यांनी मला एक इंजिन उचलायला हाक मारली. गॅरेजमध्ये गेलो तर गाडीला जागाच नाही. भिंतीभर लाकडी घोड्यांवर आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायची, इंजिनं टांगलेली, खाटकाकडे बकरे टांगतात तशी. मी म्हटलं, माझे वडील मालवणला एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते आणि सुट्टीच्या दिवशी बंदरावर अशीच इंजिनं दुरुस्त करायचे. बस्स. त्यांनी खुर्ची ओढली, मला बियर दिली (आईला सांगू नका) आणि त्या दिवसापासून माझे शनिवार संपले.

हे आजोबा चौदाव्या वर्षापासून आउटबोर्डच्या शर्यतीत होते. शर्यत म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे मोठ्या चकचकीत बोटी आल्या. तसलं काही नाही. दहा-अकरा फुटांची प्लायवूडची चपटी होडी. बरेच लोक नकाशा मागवून घरच्या अंगणात बांधायचे. मागे दोन सिलिंडरचं इंजिन. त्यांच्या ‘बी’ वर्गात इंजिन २० घन इंचांचं, म्हणजे आपल्या हिशेबात सुमारे ३३० सीसी. बुलेटपेक्षा जरा कमीच. पण तेवढ्यावर ती होडी ताशी साठ मैलांच्या आसपास जायची, कारण वेगात ती पाण्यात नसतेच. पुढचे दोन फुगीर पाय आणि मागचा पंखा एवढंच पाण्याला टेकलेलं. आणि चालवणारा बसत नाही आबा, गुडघ्यांवर असतो. उजव्या हातात स्टिअरिंग, डाव्या मुठीत थ्रॉटलची स्प्रिंगवाली कळ. मूठ सुटली की इंजिन मंदावलं. लाटेचा प्रत्येक फटका थेट गुडघ्यात. त्यांचे गुडघे पाण्यावर गेले, तुमचे डेपोच्या पिटात. एवढाच काय तो फरक.

त्यांची टीम म्हणजे घरचीच चार माणसं. वडील इंजिन बघायचे, आई गळ्यात स्टॉपवॉच अडकवून काठावर, धाकटी बहीण डबे, टॉवेल आणि प्लगची पेटी सांभाळायला. शुक्रवारी संध्याकाळी होडी गाडीच्या टपावर बांधायची, रात्रभर गाडी हाकायची, झोपायचं गाडीतच. जिंकलं तर एक कप. पैसे फारसे नाहीतच. पेट्रोलचा खर्चसुद्धा निघायचा नाही, हे सांगताना ते हसले, पण मला आपली कोकणातली नाटकमंडळी आठवली. पदरचे पैसे घालून शिमग्यात गावोगाव फिरणारी.

सुरुवात कशी व्हायची ते ऐका, तुम्हाला आवडेल. थांबून, शिट्टी वाजवून नाही. वडील कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून होडीचा मागचा भाग उचलून धरायचे, मुलाने फ्लायव्हीलला दोरी गुंडाळून खेचायची, इंजिन पेटलं की वडिलांनी जोर लावून ढकलायचं. धूर, पाणी, तेल, सगळं वडिलांच्या तोंडावर. मग सगळ्या होड्या पाण्यात फिरत राहायच्या. पंचांच्या मचाणावर एक भलं मोठं घड्याळ, शेवटच्या मिनिटाचं. काटा शून्यावर यायला आणि तुम्ही पूर्ण वेगात रेषेवर पोचायला एकच क्षण हवा. अर्धा सेकंद आधी पोचलात तर बाद, उशिरा पोचलात तर पुढच्यांनी उडवलेल्या पाण्याची भिंत तोंडावर घेत पहिलं वळण काढा. आजोबा म्हणाले, “माझ्या निम्म्या शर्यती आईने जिंकल्या.” आई काठावर एका ठरलेल्या झाडाखाली उभी राहायची आणि हात वर करायची. तो हात दिसला की मूठ आवळायची. घड्याळाकडे त्यांनी कधी बघितलंच नाही.

हे सगळं याच मुलखात का फोफावलं, त्यालाही कारण आहे. आमच्यापासून दक्षिणेला मिलवॉकी. तिथे ओले इव्हिनरूड नावाचा नॉर्वेहून लहानपणी आलेला कारागीर होता. प्रेयसीला आइस्क्रीम हवं म्हणून ओकॉची तळ्यात वल्हवत गेला, परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालं, आणि त्यातून त्याला होडीला इंजिन लावायचं सुचलं, असं इथे शाळकरी पोरंही सांगतात. १९०९ मध्ये त्याने विकायला काढलेलं इंजिन दीड हॉर्सपॉवरचं आणि वजनाला ६२ पौंड. ती प्रेयसी, बेस, पुढे त्याची बायको झाली. धंद्याचा पत्रव्यवहार आणि जाहिराती तिच्याकडे. वल्ही फेकून द्या, अशी तिची जाहिरात होती. इव्हिनरूडचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण माल खपवला बेसने, असं माझं मत.

दुसरा माणूस मात्र तुमच्याच कुळीतला. कार्ल कीकहेफर. १९३९ मध्ये सीडरबर्गला त्याने एक बुडीत कारखाना घेतला, त्याला करायची होती भलतीच यंत्रं. कारखान्यात सुमारे तीनशे आउटबोर्ड पडून होती, गिऱ्हाइकाने नापास करून परत पाठवलेली. हातात पैसा यावा म्हणून त्याने ती खोलली, दुरुस्त केली, आणि ज्याने परत पाठवली होती त्यालाच विकली! गिऱ्हाइकाने आणखी मागितली. त्यातूनच पुढे मर्क्युरी ही इंजिनांची कंपनी झाली. दुसऱ्याने टाकलेलं इंजिन चालू करून दाखवण्याची खाज मी घरात पाहिलेली आहे, म्हणून ही गोष्ट ऐकताना मला मध्येच ठसका लागला.

मग जुंपली. एका बाजूला मर्क्युरी, फॉन्ड-डु-लॅकला, आमच्यापासून वीस मैलांवर. दुसऱ्या बाजूला इव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही इंजिनं एकाच छत्राखाली. एकाच मुलखातले शेजारी आणि जन्माचे वैरी. कीकहेफरने १९५७ मध्ये फ्लोरिडात एक अख्खं तळं घेतलं, कुणाला पत्ता कळू नये म्हणून नाव ठेवलं ‘लेक एक्स’. तिथे सहा सिलिंडरची इंजिनं लावलेल्या दोन बोटी इंजिन बंद न करता २५,००० मैल फिरवल्या, म्हणजे पृथ्वीला प्रदक्षिणाच. पेट्रोल चालत्या बोटीत भरायचं, चालवणारे चालत्या बोटीत बदलायचे. तुमच्या डेपोत गाडी मालवण–मुंबई एकदा विनातक्रार गेली तरी नारळ फोडायचे, ते आठवलं.

आजोबा पुढे मर्क्युरीच्या कारखान्यात लागले आणि फॅक्टरी टीमबरोबर पिटमध्ये काम करायला अ‍ॅरिझोनातल्या लेक हवासूला जाऊन आले. तिथे नोव्हेंबरात मोठी शर्यत असायची, तासन्‌तास चालणारी, शंभराच्या वर बोटी. ही मात्र वेगळीच दुनिया. दोन तराफ्यांमध्ये बोगदा असलेल्या बोटी, खालून हवा शिरली की उचलल्या जायच्या आणि जास्त शिरली की उलट्या. बिल सीबोल्ड, इटलीचा रेनाटो मोलिनारी, ही नावं इथले म्हातारे आपण गावसकर–विश्वनाथ घ्यावीत तशी घेतात. विरुद्ध पक्षाने १९७३ मध्ये चार रोटरचं वँकेल इंजिनच पाण्यात उतरवलं. पिस्टन नाही, काही नाही. पुढे वेग इतका वाढला की माणसं दगावली, तेव्हा कुठे १९८०च्या दशकात चालवणाऱ्याभोवती मजबूत बंद कप्पा आला. आजोबा या भागावर फार बोलत नाहीत. “तिथे पगार होता,” एवढंच म्हणाले आणि परत आईच्या झाडावर आले.

ऑगस्टमध्ये मला त्यांनी जुन्या इंजिनवाल्यांच्या जमावाला नेलं. एका छोट्या तळ्यावर साठ-सत्तर म्हातारे आणि त्यांची इंजिनं. शर्यत नाही, नुसतं पाण्यात उतरवायचं, दोन फेऱ्या मारायच्या, पुन्हा काठावर येऊन कार्बोरेटरविषयी भांडायचं. तुम्ही तिथे असतात तर संध्याकाळी तुम्हाला ओढत आणावं लागलं असतं. इथल्याच विनेबेगो तळ्यावर हे का करत नाहीत, विचारलं. ते तळं अफाट आहे पण उथळ, जास्तीत जास्त २१ फूट, म्हणजे साडेतीन पुरुष पाणी. वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या उठतात. जुन्या होड्यांची फळकुटं होतील.

आणि मग एकाने अल्कोहोलवर चालणारं जर्मन बनावटीचं, कोनिगचं इंजिन सुरू केलं. आबा, तो आवाज म्हणजे कापड टराटरा फाडल्यासारखा. पण आवाजाचं जाऊ दे. धूर आला आणि सगळे म्हातारे डोळे मिटून उभे राहिले, आरतीला राहतात तसे. मी हुंगलं आणि क्षणभर काही कळेना. ओळखीचा वास! एरंडेल! त्या इंजिनात मिथेनॉल जाळतात, आणि साधं खनिज तेल मिथेनॉलमध्ये विरघळत नाही, एरंडेल विरघळतं. शिवाय प्रचंड उष्णतेतही त्याचा पापुद्रा टिकतो. म्हणून सगळे रेसवाले एरंडेलच घालायचे. लोकांना तारुण्य आठवत होतं आणि मला चमचा घेऊन पडवीतून मागे धावणारी आजी. मी हसत सुटलो. आजोबांना सांगितलं की आमच्याकडे हे तेल मुलांच्या पोटात घालतात. त्यांनी गंभीरपणे विचारलं, “पळतात का मग?” म्हटलं, पळतात, पण परसाकडे.

इव्हिनरूड–जॉन्सनची मूळ कंपनी २००० च्या डिसेंबरमध्ये बुडाली. दुसऱ्यांनी नाव चालवलं, तेही २०२० मध्ये इव्हिनरूड बनवायचं बंद झालं. मर्क्युरी चालू आहे. आणि आता इथली पोरं शर्यतीला काय लावतात? यामाटो. जपानात बोटींच्या शर्यतींवर सट्टा लागतो, सरकारमान्य, त्या शर्यतींसाठी बनवलेली इंजिनं. जुन्या मर्क्युरीचे सुटे भाग मिळेनात तेव्हा इकडच्यांनी ती आणायला सुरुवात केली. आजोबांना यात काही वाईट वाटत नाही. मलाच उगाच वाटलं.

आता मुद्द्यावर येतो. ते जे इंजिन उचलायला मला हाक मारली होती ना, ते त्यांनी मला दिलं. मर्क्युरी मार्क २० एच. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, “माझ्या मुलांना नको आहे, आणि तुला निदान ऐकू येतं.” ऐकू येतं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. लहानपणी बंदरावर मी पाना उचलला की तुम्ही हातावर मारायचात, “आदी आवाज आयक, मगे पानो घे.” ते वाक्य त्यांना भाषांतर करून सांगितलं होतं. त्यांनी ते गॅरेजच्या दारावर खडूने लिहून ठेवलंय, इंग्रजीत, आणि खाली ‘मालवण’.

तर आवाज असा आहे. मंद चालवलं की दोन्ही सिलिंडर नीट. थ्रॉटल दिला की वरचा सिलिंडर मध्येच गप्प होतो, चार-पाच ठोक्यांनी परत येतो. वरचा प्लग ओला आणि काळाकुट्ट, खालचा छान चॉकलेटी. प्लग अदलाबदल करून बघितले, तरी वरचाच ओला. स्पार्क बाहेर धरला तर निळा दिसतो, पण ते कॉम्प्रेशनमध्ये खरं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. पॉइंट घासून गॅप लावला. कंडेन्सर अजून बदललेला नाही. आजोबा म्हणतात क्रँकचं वरचं सील गेलंय. मला वाटतं कॉइल गरम झाली की सोडते. दोघांची पाच डॉलरची पैज लागली आहे.

रविवारी तुमच्या संध्याकाळी साडेसातला फोन करतो, इथे तेव्हा सकाळचे नऊ असतील. इंजिन पाण्याच्या पिंपात लावून ठेवतो आणि फोन वरच्या सिलिंडरपाशी धरतो. ताईला म्हणावं स्पीकर चालू कर. तुम्ही कानाचं यंत्र लावून खुर्चीत बसा. खुर्चीत. आणि “बिल येईल” म्हणून ठेवू नका, पाच डॉलरचा प्रश्न आहे.

आईला नमस्कार.

आपला,
बाळू

ता. क. – आजोबांनी विचारलंय, तुमच्याकडे घाण्यावरचं एरंडेल अजून मिळतं का?